फटफटीची खांदमळणी

राखेने भांडी निघतात. एरंडेल निघत नाही, उलट पसरते. खुशालराव फटफटीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून तिच्या तारा एकेक करून राखेच्या चिंधीने पुसत होते, आणि ही गोष्ट त्यांना हळूहळू कळत होती.

"चहा थंडा होऊन राहिला," मैनाबाई चुलीपासून ओरडल्या. "पोळा झाला तसे त्या फटफटीपाशीच बसून राहिले. दूध देते का थे?"

"धूळ बसली होती."

"बाप्पा! जलमात कधी सोताचं ताट उचललं नाई, अन आता लोखंड घासून राहिले."

खुशालरावांनी चिंधी धोतराच्या आड लपवली. बायकोपासून चिंधी लपवायची वेळ या वयात यावी, याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

त्यांचा सारा जन्म बैलगाडीवर गेला. अकोल्याहून बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. पहाटे गाडी जुंपायची, फुलं अकोल्याच्या बाजारात टाकायची, ऊन चढायच्या आत परत. मग लढाई सरली, लष्कराच्या उरल्यासुरल्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यातून त्यांच्या मुलाने, उत्तमरावाने, ही लहानशी फटफटी आणली. गाडी गोठ्याला टेकून उभी राहिली ती राहिलीच. बैल उरले ते फक्त मोटेपुरते.

फटफटीचे सगळे दुखणेखुपणे घरीच निघे. अकोल्यातला मिस्त्री मिजासखोर. तो फटफटीकडे पाहायच्या आधी माणसाच्या जोड्याकडे पाही. म्हणून उत्तमराव अंगणात पोते पसरून स्वतःच बसायचा. पेट्रोल कुपनावर मिळायचे. त्याचा थेंब सांडला तर घरात दूध नासल्यासारखी शांतता पसरे. पोळ्याच्या आधी मागचा ब्रेक धरेनासा झाला, तेव्हा त्याने कापसाच्या जिनातल्या यंत्राचा जुना पट्टा आणला, त्याचे तुकडे कापून तांब्याच्या रिबिटांनी चाकाच्या डब्यात ठोकले. ब्रेक झकास धरू लागला. फक्त चाक कुईकुई करी.

त्या कुईकुईनेच घात केला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. खुशालरावांनी मोटेच्या बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळले, पळसाच्या पानांनी शेकले, मग कानाशी जाऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वाटीत थोडी तूप-हळद उरली. समोर फटफटी उभी. घरात सगळ्यांत जास्त राबणारी तीच, आणि तिलाच वगळायचे? त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कारण सुनेने पाहिले असते तर दिवाळीपर्यंत हसली असती. मग दिव्याखाली हळदीचे बोट लावले आणि तिलाही आवतन दिले. जाता जाता मागचे चाक फिरवले. कुई.

कोरड्या चाकाने गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे गाडीवानाची अब्रू गेली. खुशालरावांनी ते कधी केले नव्हते. त्यांनी गोठ्यातले वंगणाचे नळकांडे आणले आणि चाकाच्या मधल्या डब्याला जिथे फट दिसली तिथून एरंडेल ओतले. आवाज थांबेपर्यंत ओतले. आवाज थांबला तेव्हा त्यांना फार समाधान वाटले होते.

सकाळी उत्तमराव आणि सून शकुन टोपल्या घेऊन निघाले. पोळ्याचा दिवस, फुलांना मरणाची मागणी. नाल्याच्या उतारावर समोरून शिंगे रंगवलेली जोडी आली. उत्तमरावाने ब्रेक दाबला. चाक गुळगुळीत फिरत राहिले. त्याने फटफटी बाभळीत घातली. बैल वाचले, तो वाचला. शकुन दगडावर आपटली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. आता हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, आणि हाड बसवणारा म्हणाला होता, "बसंल, पन थोडं वाकडं बसंल."

"जिनातला पट्टा घातला मी," उत्तमराव येईल त्याला सांगे. "नवा आनाले पायजे होता. माह्या हातानं झालं."

पाने-पकडींची पेटी त्याने माळ्यावर टाकून दिली होती. विहिरीची कप्पी अडकली तरी शेजाऱ्याला हाक मारी. "नाई, मी हात लावत नाई त्याले," म्हणे. खरे काय ते खुशालरावांच्या ओठांवर रोज येई. मग शकुन डाव्या हाताने भाकरी मोडताना दिसे, आणि ते आपला घास आणि ते वाक्य बरोबरच गिळत. आपण सांगितले नाही, ही एक गोष्ट. पण आता आपण राख घेऊन पुसायलाही बसलो, ही दुसरी. पहिलीला चूक म्हणता आले असते. दुसरीला काय म्हणावे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते म्हणत नव्हते.

उत्तमरावाने फटफटी विकायला काढली होती, आणि त्याच दुपारी गिऱ्हाईक आले. अकोल्याचे ओमप्रकाश शेट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. फटफटीभोवती फेरी मारून त्यांनी गादी दाबून पाहिली.

"चालते ना बराबर?"

"चालते," उत्तमराव म्हणाला. "थांबत नाई. मांगचा ब्रेक मी बसवला होता, घरीच. थो खराब आहे. मिस्त्रीकडून नवा बसवून घ्या, अन तवरोक घरच्या कोनाले मांगं बसवू नका."

"अरे भैया, विकनारा कधी ऐब सांगतो का?" शेट हसले.

"माह्या बायकोचा हात पाहा. मग हासा."

शेटचे हसू टोपीखाली गेले. दारात शकुन कामट्यांचा हात छातीशी धरून उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, सासऱ्याकडे पाहत होती. रागाने नाही. दूध उतू जाते की काय अशा नजरेने.

खुशालराव उठले. गुडघे वाजले.

"उत्तम," ते म्हणाले, "ब्रेक चांगला होता."

"बा, तुमाले त्यातलं काय समजते?"

"काहीच नाई समजत. म्हनून तं वंगन देल्लं." त्यांनी राखेने माखलेले हात पुढे केले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी. चाक कुईकुई करून राहिलं होतं. मले वाटलं, कोरडं आहे. एरंडेल ओतलं, चांगलं भरपूर. अन आज पुसाले बसलो होतो."

मैनाबाईंच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

उत्तमरावाने माळ्यावरची पेटी काढली. चाक उतरवले, डबा उघडला. आतला पट्टा बाहेर काढला तर तो लोणच्यातल्या फोडीसारखा तेलात निथळत होता. त्याने रिबिटांवरून अंगठा फिरवला. एकही हलली नव्हती. त्याने पुन्हा फिरवला. मग तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले, आणि बाहीचे तेल डोळ्यात गेले म्हणून स्वतःवरच खेकसला.

पोराच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरताना खुशालरावांनी पाहिले. ते ओझे आता कुठे येऊन बसणार होते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

"शेटजी, आज राहू द्या," उत्तमराव म्हणाला. शेट छत्री उघडून निघून गेले.

"मले तवाच वास आला होता, मामाजी," शकुन हळूच म्हणाली. "चाकापाशीच तं पडली होती मी. या घरात एरंडेल कोनाच्या हाती राहते, मले नाई माहीत?"

"मंग बोलली काहून नाई, माय?"

"तुमी बोलान म्हनून थांबली." ती आत वळली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "बम दिवस थांबवलं तुमी."

मैनाबाईंनी काय काय ऐकवले ते इथे लिहीत नाही. त्यात मोटेच्या बैलांचाही उद्धार होता, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसताना.

उत्तमरावाने पट्टा पेट्रोलने धुतला. एरवी थेंब जपणारा, पण त्या दिवशी हात आखडला नाही. उन्हात वाळवला, काचेने खरवडला, परत बसवला. ऊन कलले तेव्हा चाक फिरवले. कुई, चाक म्हणाले.

"बा, चला. मांगं वजन पायजे."

"मी?"

"शकुन बसते का आता?"

खुशालराव आजवर त्या फटफटीवर बसले नव्हते. ते धोतर सावरून चढले, आणि शकुन बसायची त्या जागी बसले. धरायचे कुठे हे न कळून त्यांनी मुलाच्या सदऱ्याची टोके धरली. मळा गेला, आंब्याचे झाड गेले. खुशालरावांच्या मनाच्या एका कोपऱ्यात अजून एक क्षुद्र आशा शिल्लक होती, की पट्टाही थोडा खराब निघावा. अगदी थोडा. आपल्या वाट्याचे थोडे तरी जिनातल्या त्या जुन्या पट्ट्याने उचलावे.

उतार आला. बाभळीच्या मोडलेल्या फांदीवर सुकलेले झेंडू अजून अडकले होते. उत्तमरावाने वेग कमी केला नाही. मग पाय दाबला.

फटफटी जागच्या जागी उभी राहिली. खुशालरावांचे कपाळ मुलाच्या पाठीवर आदळले आणि तिथेच राहिले. खाली नाल्याचे पाणी वाहत होते.

"धरला," उत्तमराव म्हणाला.

"हो," खुशालराव त्याच्या पाठीत म्हणाले. "धरला."

थोड्या वेळाने ते उतरले. पागोटे नीट केले. "तू जाय पुढं. मी येतो पायी."

ते घराकडे वळून चढ चढू लागले. मागे फटफटीचा आवाज झाला नाही. काही पावलांनी त्यांच्या शेजारी खडीवर चाक करकरले. उत्तमराव इंजन बंद करून, दोन्ही मुठी धरून, फटफटी ढकलत चालत होता. चढ उभा होता, आणि तो धापा टाकत होता. खुशालरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, मग मागच्या गादीला हात लावला आणि जोर दिला.