सगळीकडं बाबांचंच वावर

हिंगोलीत बसस्टँडमागच्या गल्लीत करुणा लग्नपत्रिका तयार करून द्यायची. छपाई दुसरीकडं व्हायची. तिच्याकडं एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि कोणाच्या मामाचं नाव कोणाच्या काकाच्या वर घ्यायचं याची बराबर जाण होती. दिवसभर कॉम्प्युटर तिचा असायचा. संध्याकाळी तो तिच्या नवऱ्याचा, रविंद्रचा. रविंद्र शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरी लढाऊ विमान चालवायचा.

गेम जुनाच होता, दुसऱ्या महायुद्धाचा, नांदेडहून आणलेल्या सीडीवरचा. विमानं झकास होती, पण ढग पाहिले की करुणाला हसू यायचं. कापसाच्या गठाणी आभाळात टांगाव्यात तसे ते चौकोनी दिसायचे. भूगोलाच्या मास्तरानं असल्या ढगांतून उडावं, हे रविंद्रच्याही जिवाला लागलं होतं.

२००३ च्या दिवाळीच्या सुट्टीत करुणानं गेमचं फोल्डर उघडलं, तर ढग म्हणजे नुसती चित्रंच निघाली, पत्रिकेवरच्या फुलवेलीसारखी. तिनं त्यांच्या जागी छान फुगीर ढग रंगवून ठेवले. विमान वर गेलं तर प्रत्येक ढगाला गुलाबी काठ. चित्रातला एक ठरावीक गुलाबी रंग गेम पारदर्शक धरायचा, आणि ढगाच्या कडा मऊ करताना तोच रंग तिनं फिका करून टाकला होता, म्हणून गेमला तो ओळखू येईना. ढगांना साड्या नेसवल्या का, असं रविंद्रनं विचारलं. मग तुम्हीच रंगवा, असं ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी काठ काढून टाकले.

ढग जमले तशी खालची जमीन डोळ्यांत खुपू लागली. तीही चित्रांचीच होती, सगळी परदेशी आणि हिरवीगार. करुणा माहेरी साखऱ्याला गेली तेव्हा भावाचा कॅमेरा घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली आणि वडिलांच्या वावराचा फोटो काढला. त्यात तूर होती, कापूस होता, विहीर होती, बांधावरचं लिंबाचं झाड होतं. फोटो धुऊन आल्यावर तिनं तो स्कॅन केला, चौकोनी कापला आणि गेममध्ये घातला.

गेम तोच तुकडा फरशीसारखा एकाला एक जोडत जातो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. विमान कुठंही न्या, खाली तेच वावर आणि तीच विहीर.

रविवारी तिचे वडील किशनराव तुरीच्या शेंगा घेऊन आले. जयभीम झाला, चहा झाला आणि रविंद्रनं मोठ्या हौसेनं सासऱ्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. आज दारूगोळ्याचं कोठार उडवायचं होतं.

किशनरावांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग खुर्ची पुढं ओढली.

"ही इहीर आपली व्हय?"

करुणा हो म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी दुसरीकडं बोट केलं. तीही आपलीच, असं तिनं सांगितलं. हे सगळं मिळून किती एकर भरलं असेल, याचा किशनराव बोटांवर हिशेब करू लागले.

कोठार आलं. ते नेमकं विहिरीला लागून उभं होतं. रविंद्रनं विमान खाली घेतलं.

"काय टाकून राहिले, जावईबापू?"

"बॉम्ब हाय, बाबा," करुणानंच सांगितलं.

किशनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रविंद्रचं बोट बटणावर होतं, ते तिथंच राहिलं. मग त्यानं विमान वळवलं. पुढच्या कोठारापाशी पुन्हा तीच विहीर. तो बॉम्बांसकट फिरत राहिला, इंधन संपलं आणि विमान कापसात आदळून पेटलं. येचणी होऊ द्यायची होती, एवढंच किशनराव म्हणाले.

निघताना त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"पुढच्या खेपेला माणिकरावचं वावर घाल. मग बघू, कसे टाकत न्हाईत ते."

माणिकराव त्यांचे चुलतभाऊ. गाडीवाटेवरून दोघांचं बोलणंचालणं बंद होतं. करुणाला वडिलांची मागणी ऐकून गंमत वाटली. थंडीत ती रविंद्रला घेऊन साखऱ्याला गेली आणि पुन्हा टाकीवर चढली. खाली शिडी धरायला नेमके माणिकरावच आले. आपल्या वावराचा फोटो काढतात म्हटल्यावर ते हरखले. दोघांना वावरात नेऊन त्यांनी हुरडा भाजून घातला आणि जावयाच्या पुढ्यातली चटणी संपू दिली नाही.

फोटो गेममध्ये बसला. रविंद्र कोठारावर आला आणि पुन्हा तसाच पुढं निघून गेला.

"आता काहून थांबले?" करुणानं विचारलं.

"हुरडा लई चारला त्यांनी," रविंद्र म्हणाला.

त्या हिवाळ्यात त्याची एकही मोहीम पुरी झाली नाही. विमान उतरवायला मात्र तो फार चांगलं शिकला. दर खेपेला सगळे बॉम्ब घेऊन परत यायचं, म्हणजे हळूच टेकवण्यावाचून इलाज नव्हता.