शुक्रवारी मी चालत नाही

मित्रांनो, मी वह्यांच्या कारखान्यातली कागद कापायची जुनी मशीन आहे. शुक्रवारी मी काम करत नाही, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही!

पूर्वी मी आठवड्याचे सहा दिवस राबत असे. मालक कौतुकाने म्हणत, "ही माझा उजवा हात आहे." खरे हात होते मावशींचे. वीस वर्षं त्याच मला चालवत आल्या आहेत.

एका शनिवारी मालकांनी "एवढा एकच शनिवार" म्हणत त्यांना काम सुटल्यावरही थांबवून घेतलं. संध्याकाळी, थकून, क्षणभर त्यांचा डोळा लागला. माझ्या पात्याने त्यांच्या करंगळीचं टोक नेलं. सगळ्यांनी मला बोल लावले. सकाळपासून किती गठ्ठे सुखरूप कापले, ते कुणी पाहिलं नाही.

बऱ्या होऊन आल्यावर मावशी मालकांना म्हणाल्या, "सोमवार ते गुरुवार, दिवस चार, पगार तोच. माल पूर्ण देऊ."

"जादूची कांडी आहे का?"

"रद्दीच्या पोत्यात डोकावा जरा. शनिवारचं वाकडं कापलेलं सगळं तिथंच आहे."

मालक डोकावले. तीन महिने करून बघू म्हणाले.

सोपं नव्हतं हो. दिवस लांबले, चहाच्या वेळच्या गप्पा आटल्या. शिलाईवाल्या वहिनींना पाळणाघरात पोहोचायला उशीर होई. त्या रडकुंडीला येत. शेवटी त्यांना लवकर येऊन लवकर जायची मुभा मिळाली. एक जुनं गिऱ्हाईक बंद दार पाहून तडक दुसरीकडे गेलं. पण रद्दीचं पोतं निम्मंही भरेना. सोमवारी मावशी गुणगुणत येत आणि आधी मला तेल घालत.

मग शाळा उघडायचे दिवस आले.

"मावशी, फक्त हा एक शुक्रवार," मालक म्हणाले.

"तेव्हाही एकच शनिवार म्हणाला होतात." मावशींनी मला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. "शुक्रवारी मी सायकल शिकते. पडले तर सायकलवरून पडेन, पात्यावर नाही."

शुक्रवारी मालक एकटेच आले. माझा दांडा ओढला, शिव्या घातल्या. मी तसूभर हलले नाही. इतक्यात फोन वाजला. बराच वेळ ऐकून घेऊन मालक म्हणाले, "माल सोमवारी मिळेल. आज नाही. शुक्रवारी आमचं बंद असतं."

मित्रांनो, मोठेपणी कामाला लागाल, तेव्हा कुचराई करू नका. यंत्राला जपा, माणसाला त्याहून जपा. आणि विश्रांती मागताना मान खाली घालू नका. ती भीक नाही.