न बसणारी फळी

जेवणाच्या टेबलाची मधली फळी म्हणजे मी. टेबल नव्हे, फळी. हे आधीच सांगून ठेवते, कारण कौतुक झाले की ते टेबलाचे होते आणि बोलणी बसली की ती मला. मी जुनी आहे, चांगल्या लाकडाची आहे आणि मित्रांनो, मी अगदी वैतागलेली आहे.

माझे काम तसे सोपे. घरात माणसे वाढली की टेबलाचे दोन भाग ओढून लांब करायचे आणि मधल्या जागेत मला बसवायचे. माणसे पांगली की मी पुन्हा कपाटामागे, भिंतीला टेकून. तिथून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळे येते. म्हणून या घराचे रोजचे जेवण मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत ते मोठे दिवस. बाबांची बढती, आत्याचे लग्न, घरच्या मुलीच्या, म्हणजे पाहुणीच्या शाळेचा पहिला दिवस.

मला घडवले मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो सुतार होता, बहिणीकडेच राहायचा, आणि हाताचा जितका हुशार तितकाच चालढकल करणारा. आईला दिवस गेले तेव्हा त्याने टेबल मोठे करायचे मनावर घेतले. मुलगीच होणार हेही त्याने परस्पर ठरवून टाकले. "घरात पाहुणी यायचीय, तिला जागा नको?" असे म्हणत त्याने मला रंधा मारला, घासले, पॉलिश केले. माझ्या कडेला खुंट्या बसवल्या. त्या टेबलाच्या भोकांत शिरल्या की मी पक्की बसणार होते. पण एक खुंटी जाड राहिली आणि मी अर्ध्यावरच अडले.

"अरे, आत्ताच घास ना ती," आई म्हणाली.

मामाला डोंगरापलीकडच्या शहरात एका नव्या शाळेचे बाक बसवायला जायचे होते. "परत आलो की घासतो, ताई. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस," असे सांगून तो गेला.

पाहुणी पहाटे जन्मली आणि त्याच सकाळी त्या शहरात भूकंप झाला. एवढा मोठा भूकंप देशाने पाहिला नव्हता. बाबांना कुठे काय माहीत! ते दवाखान्यातून हसत घरी आले, माणसे भेटायला येणार म्हणून त्यांनी मला बाहेर काढले आणि लोटायला लागले. तेवढ्यात शेजारच्या रेडिओवर बातमी लागली. मी अर्धी आत, अर्धी बाहेर तशीच राहिले. शाळा कोसळली होती. मामा सापडलाच नाही. बाबांनी पहाटेच त्या शाळेत फोन करून रखवालदाराकडे निरोप ठेवला होता, पण आपण मामा झालो हे त्याला कळले की नाही, ते आजही कोणाला ठाऊक नाही. मला त्याची फार आठवण येते.

तेव्हापासून तो दिवस साऱ्या देशाचा झाला. सकाळी भोंगा वाजतो, माणसे असतील तिथे उभी राहतात, दुकाने बंद असतात, रेडिओवर रडके सूर लागतात. एवढी माणसे गेली, देशाने रडायलाच हवे. पण या घरात त्याच दिवशी एका मुलीचा वाढदिवसही असतो, त्याचे काय? दर वर्षी तोच घोळ. आदल्या दिवशी करावा तर आत्या म्हणणार, "आधी करू नये गं." दुसऱ्या दिवशी करावा तर बाबांना सुट्टी नाही. मग पुढच्या रविवारी सगळे जमणार, तेही आईच्या तोंडाकडे बघत बघत. पाहुणी लहानपणी सगळ्यांना सांगायची, "माझा वाढदिवस रविवारी असतो." ऐकून माझ्या अंगाला भेगा पडायच्या.

आणि मला बाहेर काढायचे म्हणजे खुंटीशी मारामारी. बाबा बुक्की मारणार, आई आतून ओरडणार, "खुंटीला हात लावू नका हं!" शेवटी मी तिरकीच बसणार आणि शेजारी ही एवढी फट. त्या फटीत किती वाटाणे गेले, किती चमचे गेले. आत्याचे लग्न ठरवायला मंडळी आली तेव्हा नवऱ्या मुलाच्या वडिलांचा चहा माझ्यावरून थेट त्यांच्या मांडीत सांडला. तरी लग्न जमले, हे माझे नशीब. एकदा खिडकीच्या दुरुस्तीला आलेला सुतार म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी. घासून देऊ?"

"ज्याचं काम आहे तो करील," आई म्हणाली.

"कुठं असतात ते?"

आईने मला उचलून पुन्हा कपाटामागे ठेवले. मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचे.

यंदा मात्र सगळे अडले. पाहुणीला दूरच्या गावी नोकरी लागली, आणि तिची गाडी नेमकी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणजे या वेळी रविवार मिळणार नव्हता. "पुढच्या वर्षी करू," आई त्या दिवशी सकाळी म्हणाली. निरोप द्यायला आत्याही आली होती. पाहुणीने एकटीने कपाट सरकवले आणि मला ओढून बाहेर आणले.

"आज नाही," आई म्हणाली. "आज कोणता दिवस आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझा वाढदिवस आहे." पाहुणी म्हणाली. "मामा गेला त्यात माझं काय चुकलं गं, आई? त्यानं तर माझ्यासाठी जागा करून ठेवली होती."

तिने मला लोटले. मी नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. तेवढ्यात भोंगा वाजला. बाबा, आत्या, आई जिथल्या तिथे उभे राहिले. पाहुणीचे दोन्ही हात माझ्यावरच होते.

भोंगा थांबला तशी आई आत गेली. पलंगाखालची मामाची जुनी पेटी घेऊन ती बाहेर आली, जमिनीवर बसली आणि मला बाहेर ओढून, मांडीवर घेऊन पॉलिश पेपरने खुंटी घासू लागली. तिला ते काम येत नव्हते, पण कोणी मध्ये पडले नाही.

"आळशी होतास तू," ती म्हणाली. समोरच्या कोणाला नव्हे. "तुझ्या गाडीला चांगला वेळ होता. तेव्हाच घासायला काय झालं होतं तुला? किती वाट बघायची रे मी?"

मामावर चिडलेली आई मी पहिल्यांदाच ऐकली. मग ती घासता घासता रडली, खूप रडली. पाहुणी शेजारी बसली आणि तिने माझे दुसरे टोक धरून ठेवले.

मग मला बसवले. बुक्की नाही, आरडाओरडा नाही. मी आत गेले आणि फट मिटली. "केकची दुकानं बंद आहेत हं आज," असे आत्या म्हणालीच. "असू देत," आई म्हणाली, "घरात आहे ते वाढा. आज हिचा वाढदिवस आहे."

पहाटे पाहुणी गेली. बाबा मला काढायला आले तर आई म्हणाली, "राहू द्या. ती सुट्टीला येईल ना." आता एवढ्या लांब टेबलावर दोघेच जेवतात आणि मीठ मागायलाही ओरडतात. माझ्यावरून ओले फडके फिरवायचे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटामागे माझ्यासारखी कोणी उभी असेल. तिला रविवारची वाट बघायला लावू नका. आणि ती अडली तर बुक्की मारू नका. काय अडते आहे ते आधी बघा, तेवढे घासा आणि मग हळूच लोटा. बसतो आम्ही.