चार सह्या, एक बाई

शिबिराची चिठ्ठी दप्तरातून निघाली की घरात काय होतं, हे आईबापांना वेगळं सांगायला नको. मुलगी नाचत असते, आणि आई चिठ्ठी उलटसुलट करून तिच्यात न लिहिलेलं वाचत असते. शिवमोग्ग्याकडच्या कट्टेकोप्प गावच्या चैत्रानं त्या दिवशी तेच केलं. तिची धृती अकरा वर्षांची, गेल्याच वर्षी गाईड पथकात गेलेली. चिठ्ठीत एवढंच होतं की दसऱ्यानंतर तुंगेकाठच्या सुपारीच्या बागेत दोन रात्रींचं शिबिर आहे आणि त्याआधी येत्या रविवारी पालकांची सभा.

"तिथे विंचूकाटा असला तर? नदी किती लांब आहे? संडासाला आतून कडी आहे का?"

"अम्मा, तूच ये ना बघायला," धृती म्हणाली.

"मी कशी येऊ? मला काय कामं नसतात?"

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात चैत्राला फारशी कामं नव्हती. नवरा नागभूषण सोसायटीत नोकरीला, सासूबाई धाकट्या मुलाकडे गेलेल्या. चैत्रा रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर तिची सगळी हुशारी मुलीच्या आजूबाजूचे धोके हुडकण्यात जात होती. पथकातल्या मुलींच्या आयांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात सगळ्यात जास्त प्रश्न चैत्राचे असत, आणि उत्तरं देणारी बाई एकच, वनजाक्षी टीचर.

टीचर सरकारी शाळेत कन्नड शिकवत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एकवीस वर्षं त्या गावच्या गाईड कॅप्टन होत्या. या कामाला पगार नाही, रजा नाही. रविवार मात्र सगळे त्यातच जातात.

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. आधी टीचरांचा सत्कार झाला. शाल, चंदनाचा हार, फळांची टोपली! कौतुक करायला आपल्याकडे माणसांची टंचाई कधीच पडत नाही. मग स्थानिक गाईड संस्थेचे चिटणीस परमेश्वरप्पा यांनी पुढच्या सहा महिन्यांचे कार्यक्रम वाचून दाखवले. ऑक्टोबरात शिबिर, नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सवाचं संचलन, डिसेंबरात जिल्हा मेळावा, जानेवारीत गाईडची सोपान परीक्षा. प्रत्येक कार्यक्रमापुढे 'जबाबदारी' म्हणून एकच नाव, आणि त्या नावावर दर वेळी टाळ्या. गळ्यातला हार सावरत टीचर खाली बघत होत्या.

"आता एक छोटीशी अडचण आहे," परमेश्वरप्पा म्हणाले. "बत्तीस मुली आहेत. आठ मुलींमागे एक बाई दाखवल्याशिवाय जिल्ह्याची परवानगी येत नाही. टीचर सोडून चार जणी हव्यात. कोण येतंय?"

कुणाला फोनवर अचानक काहीतरी महत्त्वाचं सापडलं, कुणाला सासूचा गुडघा आठवला.

तेवढ्यात मागे दाराशी उभी असलेली देवीरम्मा म्हणाली, "मी येते की." ती लोकांच्या अंगणात सुपारी सोलायला जायची. तिची लेक निसर्गा आठवीत, पथकात संघनायिका. "हंगामाचे दिवस आहेत खरे, पण तीन दिवस मजुरी बुडली तर बुडली. चुलीपाशी बसेन, पोरींवर लक्ष ठेवेन."

परमेश्वरप्पा हसले. "तू येऊन काय करणार गं अम्मा? या फॉर्मात शिक्षण लिहायचंय. वरचे साहेब बघतात. काय लिहू, सुपारी सोलण्यात बी.ए.?"

हॉलमध्ये हशा पिकला. चैत्राही हसली, थोडंसंच, पण हसली. देवीरम्मा पदर नीट करून पुन्हा दाराला टेकली.

"शिकलेल्या चौघींनी नुसती नावं द्या हो," परमेश्वरप्पा पुढे म्हणाले. "यायचं कुणीच नाही. कागद भरायचा म्हणून."

"नाव देईल तिनं यायचं, सर." टीचर पहिल्यांदाच बोलल्या. "तिथे चार चुली पेटतात. मला डोळे दोनच आहेत."

"अहो टीचर, एकवीस वर्षं तुम्ही एकटीनंच निभावलंत की! तुम्ही म्हणजे दहा बायकांच्या बरोबर!"

पुन्हा टाळ्या.

"हे टाळ्या वाजवणारे हात तिकडे पाठवा," टीचर म्हणाल्या. लोकांना ती गंमत वाटली. मग त्या चैत्राकडे वळल्या. "तुझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही हे तू मला सतरा वेळा सांगितलंस. बरं केलंस. पण उरलेल्या एकतीस जणींना काय चालत नाही, ते कुणी बघायचं? आपल्या पोरीची आई प्रत्येक बाई असतेच गं. शिबिरात सगळ्यांची आई होणारी लागते, आणि ती एक असून भागत नाही."

चैत्राचे कान तापले. चारचौघांत हे बोलायची काय गरज होती? पण शिबिर रद्द झालं तर धृती रडून घर डोक्यावर घेईल, हेही तिला दिसत होतं. तिनं पेन घेतलं. नाव, सही, बी.एस्सी. आणखी तिघींनी तिच्याखाली सह्या केल्या.

"पण टीचर, रोज दहाला आणि चारला मला निरोप हवा हं. मी प्रश्न पाठवून ठेवेन."

"तिथे फोन लागत नाही. वरच्या खडकावर चढावं लागतं."

"मग चढा ना. दोनदाच तर."

टीचर "बरं" म्हणाल्या.

चौघींपैकी कुणीच आलं नाही, टीचर एकट्याच मुलींना घेऊन गेल्या. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चैत्रा कषायाचा, म्हणजे काढ्याचा, पेला घेऊन झोपाळ्यावर बसली होती. तिनं अकरा प्रश्न पाठवले होते. झोप लागली का, पोट साफ झालं का, ओले मोजे बदलले का. चार वाजून दोन मिनिटांनी उत्तरं यायला लागली. एकेक करत अकराही आली. शेवटचं चार वाजून चौदा मिनिटांनी आलं: "पोटभर जेवली. हसतेय." चैत्रानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि कषाय संपवला.

त्याच बारा मिनिटांत खाली बागेत स्वयंपाकाची स्पर्धा चालू होती. तिसऱ्या चुलीचा एक दगड सरकला आणि उकळत्या हुळीचं, म्हणजे आंबट आमटीचं, पातेलं कलंडलं. निसर्गानं जवळच्या लहान मुलीला मागे ढकललं आणि सगळी हुळी स्वतःच्या पायांवर घेतली. बाकीच्या मुली किंचाळत सुटल्या. कुणी टूथपेस्ट लावली. कुणी घाईघाईनं तिचा मोजा ओढून काढला. मोज्याबरोबर कातडी आली.

टीचर धावत खाली पोचल्या तेव्हा करायला नको होतं ते सगळं करून झालं होतं.

बातमी आली तेव्हा चैत्राच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "धृती नाही ना?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "देवाची कृपा!" तिला दोष देण्याआधी जरा थांबा. आपल्यापैकी कोण वेगळं म्हणालं असतं?

निसर्गाला शिवमोग्ग्याला हलवलं. जीव वाचला. पण डाव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटली आणि टाच टेकेनाशी झाली. त्याआधी शाळेच्या मैदानावर धावण्यात त्या मुलीच्या पुढे कुणी जात नसे.

तीन आठवड्यांनी चौकशीसाठी गाईडच्या जिल्हा आयुक्तबाई यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी परमेश्वरप्पा चैत्राच्या घरी आले. कॉफी घेतली, तळलेल्या कोडबळ्यांचं कौतुक केलं आणि मग म्हणाले, "हे बघा, चौघी तिथे होतात असंच सांगायचं. टीचरांनी तुम्हाला लाकडं आणायला पाठवलं होतं. संपलं. संस्था वाचेल, तुमच्या सह्याही वाचतील."

"आणि टीचर?"

"त्यांची तशीही दोनच वर्षं राहिलीत."

ते गेल्यावर नागभूषण म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे. सही तुझी आहे, चैत्रा. उद्या पोलिसांनी विचारलं तर? हिरोगिरी नको. आपल्यालाही मुलगी आहे."

"देवीरम्मालाही आहे," चैत्रा म्हणाली. पण हळूच म्हणाली.

चौकशी त्याच हॉलमध्ये झाली. देवीरम्मा आली होती. निसर्गा घरी होती. पहिल्या तिघींनी पढवल्याप्रमाणे सांगितलं, "आम्ही लाकडं आणायला गेलो होतो." एकीनं तर लाकडं कसली होती तेही सांगितलं!

आयुक्तबाई टीचरांकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठे होतात?"

"वर खडकावर."

"कशासाठी?"

"फोन बघायला."

"मुली पेटत्या चुलीपाशी, आणि तुम्ही फोन बघत होतात?"

"हो."

बस्स. त्यापुढे एक शब्द नाही. त्यांनी चैत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "या वयात फोनचं वेड!" "आणि आम्ही यांना चंदनाचे हार घातले!" परमेश्वरप्पांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला. त्यांचं काम झालं होतं.

चैत्राच्या हातात तिचा फोन होता. चार वाजून दोन. चार वाजून चौदा. पोटभर जेवली. हसतेय. गेले तीन आठवडे चैत्रा ती उत्तरं रोज वाचत होती, आणि रोज फोन पालथा ठेवत होती. आणि ही बाई सगळ्या गावासमोर स्वतःवर चिखल घेत होती, तोही चैत्राच्या वाट्याचा!

"माझ्यासाठी!" चैत्रा उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. "माझ्यासाठी गेल्या होत्या त्या वर! हा घ्या फोन, वेळ बघा. माझ्या मुलीचे मोजे बदलले का, ते सांगायला गेल्या होत्या. आणि मी लाकडं आणायला गेले नव्हते. आमच्यातली एकही तिथे नव्हती. मी माझ्या घरी झोपाळ्यावर बसले होते. या कागदावरच्या चारही सह्या खोट्या आहेत!"

"बाई, खाली बसा!" परमेश्वरप्पा ओरडले.

"आता नाही बसत."

मग दारापासून देवीरम्माचा आवाज आला. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती.

"अक्का, तू शिकलेली. तुझं नाव तिथे होतं म्हणून माझं नव्हतं. माझं असतं तर मी चुलीपाशी असते."

 

परमेश्वरप्पांचं पद गेलं. चौघींना खरमरीत पत्रं आली. बाकीच्या तिघी चैत्राशी बोलेनाशा झाल्या, बाजारात समोर दिसली की रस्ता बदलू लागल्या. टीचरांवर ठपका राहिला नाही, पण त्यांनी गाईड कॅप्टनपदाचा राजीनामा दिला. चैत्रा त्यांच्या घरी गेली.

"टीचर, मला शिकवा. मी पथक घेते."

"प्रशिक्षण आठ दिवसांचं असतं. जा, कर. तू जागरूक आहेस, तुला जमेल. फक्त तुझी ती काळजी आता बत्तीसांनी भाग."

"तुम्ही याल ना मागे उभ्या राहायला?"

"नाही गं."

"माझ्यावर रागावलात?"

"रागावायलाही काहीतरी शिल्लक लागतं," टीचर म्हणाल्या आणि पणतीत तेल घालायला देवघरात गेल्या.

चैत्रानं प्रशिक्षण पुरं केलं. भाजलेल्या जागी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे तिला आता झोपेतही सांगता येतं. पुढच्या वर्षी पालकसभेत कार्यक्रमांची यादी तिनं वाचली. शिबिराला कोण येणार म्हणून विचारलं, आणि खाली न बसता उभीच राहिली. बऱ्याच वेळानं एक हात वर आला, मग दुसरा, मग तिसरा. तिघीही खरंच येणाऱ्या होत्या. चौथीसाठी चैत्रा सुपारीच्या अंगणात गेली. शिक्षणाचा रकाना तिनं जिल्ह्याशी भांडून फॉर्मातून काढून टाकला होता.

देवीरम्माचा हात थांबला नाही. कोयत्याच्या पात्यावर एकेक सुपारी सोलून निघत होती.

"तेव्हा मी येते म्हटलं, तेव्हा तुम्ही हसलात," ती म्हणाली. "तूही हसलीस, अक्का. मी बघितलं होतं. आता माझी पोर घरात बसलीये. तुमच्या पोरींच्या चुली मी कशाला राखू?"

चैत्रा तशीच परत आली आणि शिबिर रद्द केल्याचं तिनं ग्रुपवर लिहिलं. "एक नाव टाकून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं पाच जणींनी विचारलं. ज्या पाच जणींनी विचारलं, त्यांतली एकही यायला तयार नव्हती. धृती दोन दिवस आईशी बोलली नाही.

मंडळी, गाव कुठलंही असो, अशी एखादी वनजाक्षी टीचर तिथे असते. आपण तिला हार घालतो आणि सगळी कामं तिच्या गळ्यात मारतो. गर्दीत हात वर करणारी देवीरम्माही असते, तिला आपण हसून मागे ढकलतो. मधल्या मोकळ्या जागेत आपण आपल्या सह्या भरतो आणि त्याला समाजकार्य म्हणतो. सही म्हणजे माणूस नव्हे. जाता येत नसेल तर नाव देऊ नका. नाव दिलंत तर जा, आणि आपल्या लेकराला पाहताना शेजारच्या लेकरावरही नजर ठेवा. आणि जी मनापासून येते म्हणते, तिला त्याच दिवशी आत घ्या. नंतर तिच्या दारात कितीही वेळा गेलात, तरी ती येईलच असं नाही.