मोठ्या पेटीचं वारं

दगडी चर्चच्या दारापासून कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यापर्यंत चपलाच चपला. भद्रावतीहून बस भरून माणसं आली होती, जिवतीच्या डोंगरातून जिपांनी आली होती. कुणाच्या हातात कुबडी, कुणाच्या कडेवर तापलेलं पोर. ब्रदर विक्कीने हात वर केला आणि म्हणाला, "लाईन बंद करा." मेन स्विच पाडला, पंखे थांबले. आणि कित्येक वर्षं मुकी असलेली ती मोठी पेटी एक लांब सूर काढून वाजली. बायांनी पदर पसरले.

ही पेटी म्हणजे पाइप ऑर्गन. आमच्या गावात हार्मोनियमला पेटी म्हणतात, म्हणून ही मोठी पेटी. इंग्रजांच्या काळातली, भिंतभर नळ्यांची. भाता उंदरांनी कुरतडला, लाकूड वाळवीने खाल्लं. कोलकात्याहून आलेल्या कारागिराने हात टेकले, तेव्हा पाळकसाहेबांनी नव्या पेटीसाठी फंड काढला आणि गावाला साध्या भाषेत सांगितलं, "जुन्या पेटीत आता वारं राहिलेलं नाही."

वारं म्हणजे हवा हो! पण आमच्याकडे वारं अंगात येतं, माणूस घुमायला लागतो. लोकांनी तेच ऐकलं. फंड गोळा करायला नेमलेल्या विक्कीने तो शब्द बरोबर झेलला. थोड्याच दिवसांत पेटीत वारं परत आलं, फंडाची पेटीही भरायला लागली, आणि मग नवा ऑर्गन सगळ्यांनाच नकोसा झाला. मी पाळकसाहेबांशी भांडले. ते म्हणाले, "रंजीताबाई, मलाही पटत नाही. पण लोक येत आहेत ना?" मी शाळेत विज्ञान शिकवते, याच चर्चमध्ये लहानाची मोठी झाले. माझं डोकं फिरलं होतं, तरी मी चडफडत घरी बसले असते. पण मधे दिव्यानी होती.

दिव्यानी माझ्या वर्गातली. तिला सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, हाडं ठणकतात. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांवर पोरगी चांगली खो-खो खेळायची. ती शाळेत येईना म्हणून मी घरी गेले, तर खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, डोळे पिवळे.

"गोळ्या देता ना?" मी तिच्या आईला, कमळाला विचारलं.

"बंद केल्या, बाई. ब्रदर म्हन्ते, वारं लागलं का रगत धुतल्या जाते. गोळी खाल्ली का वारं वापस जाते."

"अन् पोरगी तळमळून राहिली ते दिसत नाही?"

"वारं लागून राह्यलं म्हणूनच तळमळते म्हन्ते. ब्रदरनं नेमून देल्यापैकी उद्याचा रविवार शेवटचा हाय. मंग बरी होईन."

"कमळाबाई, आत्ता दवाखान्यात चला. ऑटो मी आणते."

"उद्या झाल्यावर येतो," ती म्हणाली. मी रागावले, हात जोडले, शेजाऱ्यांना बोलावलं. शेजारी म्हणाले, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी कमळा पहिल्या ओळीत होती, पोरगी मांडीवर. मी मागेच उभी होते. विक्की नेहमीच्याच जागी, पेटीला टेकून उभा होता. त्याची टकळी सुरू झाली. "हे वारं कोनाचं हाय? कूलरचं हाय का? याले बिल येत नाई, याले एक्सपायरी नाई. डॉक्टर लोक पुढची तारीख देते, वारं तारीख देत नाई!"

लाईन गेली, पेटी वाजली. मी डोळे मिटून नुसता सूर ऐकला. सुरुवातीला भरदार होता, शेवटी शेवटी खाली बसत गेला. जत्रेतल्या पिपाणीच्या फुग्यातली हवा संपत आली की होतो ना, अगदी तसा.

मी पुढे गेले. विक्की म्हणाला, "बाई, तिकडं नका जाऊ, ताप भरन." मी त्याला बाजूला सारून पेटीच्या खालची फळी उघडली. आत ट्रकची ट्यूब होती, फुगवलेली, वर फरशी ठेवून दाबलेली. ट्यूबला शेतातल्या ठिबक सिंचनाची नळी, नळी वर एकाच पाइपात गेलेली. मधली तोटी बरोबर विक्की उभा राहायचा तिथे, त्याच्या उजव्या पायाशी. मी फरशी ढकलली, ट्यूब सगळ्यांना दिसेल अशी बाहेर ओढली आणि तिच्यावर बसले. तोटी फिरवली. पेटी वाजली. तोच सूर.

"हे वारं पंक्चरच्या दुकानातलं आहे," मी म्हणाले.

विक्की बाजूच्या दाराने पसार झाला. मला वाटलं, आता लोक संतापतील, त्याच्या मागे धावतील. मागून एक म्हातारी आली, ट्यूबला हात लावून तिने तो कपाळाला लावला. "बाईच्या हातानंबी वाजली," ती म्हणाली. "बाईच्याबी अंगात हाय." माझ्या पाया पडायला रांग लागली. मी ओरडत होते, कुणी ऐकत नव्हतं.

दिव्यानीचा श्वास लहान झाला होता. मी तिला उचललं तेव्हा कमळा मुकाट्याने मागे आली. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न गोळ्यांचाच विचारला. त्यांनी सगळं केलं. दुसऱ्या दिवशी पोरगी गेली.

दवाखान्याच्या आवारात कमळा म्हणाली, "बाई, शेवटचाच रविवार होता. तुमी मधात ट्यूब काढली. पुरं वारं लागू देलं असतं तं..."  मी तिला हाताला धरून बाकावर बसवलं.

विक्की आता कोरपन्याकडे दिसतो म्हणतात. पेटी मुकीच आहे. ट्यूब मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवली आहे, नळीला पिपाणी लावून पोरांना वाजवून दाखवते. त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. कोणत्याही देवाच्या नावाने कुणी येऊ द्या, गोळी बंद कर म्हणाला की त्याच्या पायाशी काय लपवलं आहे ते आधी बघा. वारं कुठून येतं ते विचारा. विचारल्याने देव रागावत नाही.

कमळालाही एकदा शाळेत बोलावलं, सगळं उघडून दाखवलं. ट्यूब, नळी, तोटी. तिने नीट पाहिलं, मान हलवली. मग त्या लुळ्या रबरावर तिने हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बाई, याच्यात थोडंसं उरलं असन का?"