कूलरमधला पावसाळा

मित्रांनो, नाकाले रुमाल लावा, मंगच माही कहाणी ऐका. मी हवामान सांगणारा एक जुना सेन्सर आहो. माह्या अंगाले वायर नाही. हवेतली गरमी अन् ओल मोजायची अन् घरातल्या डब्बीवर आकडा धाडायचा, एवढंच माहं काम. कारखान्यात मले पुसूनपुसून कोऱ्या खोक्यात ठेवलं होतं. तवा वाटलं, आपल्या नशिबी मोकळी हवा आहे.

नशिबी आले अकोल्याच्या जुन्या शहरातले पंजाबराव. "एवढी नाजूक वस्तू उन्हात टांगतेत का कोनी?" असं म्हणून त्याईनं मले कूलरच्या आत, गवत भरलेल्या ओल्या ताटीले बांधून टाकलं. बाहेर मे महिना भाजून राहिलता अन् मी बुरशीत कुजून राहिलो होतो. खाली तीन आठवड्याचं पाणी, त्यात डासाची पिल्लं वळवळत. एका पालीनं तर माह्या डोक्यावरच संसार मांडला. शी.

तरी मी खोटं बोललो नाही. चोवीस डिग्री, ओल अठ्ठ्याण्णव टक्के. डब्बीनं लगेच पावसाचं चित्र काढलं.

नेमका त्याच सकाळी कौशल्याबाईच्या पातेल्यात कुरडयाचा चीक तयार होता. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, हातानं पिळून काढलेला. पोरीच्या, प्रणालीच्या लग्नातल्या रुखवतासाठी. आज शिजवून गच्चीवर घातला नाही, तर आंबून फेका लागते.

"थांब वो," पंजाबराव म्हणाले. "पाऊस येते."

"कुठून येते? आभाळात ठिपका नाही ढगाचा."

"आभाळाले काय समजते? मशीन पाह्य."

कौशल्याबाईनं पातेलं हुंगलं अन् तोंड वाकडं केलं. "मंग मशीनलेच सांगा, रुखवतात तूच बस म्हना."

हे पंजाबरावले लागलं. त्याईच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. सेल कमजोर असन म्हणून त्याईनं माहे सेल काढले, दाढेखाली चावले अन् लाळेसकट परत माह्या पोटात कोंबले. मित्रांनो, त्यानंतर मले पालीचा कधी राग आला नाही. मंग त्याईनं डब्बीले दोन चापटा मारल्या. ओल नव्व्याण्णव झाली.

शेवटी शेजारच्या गुलफामले बोलावलं. तो मोबाइल दुरुस्त करते.

"काका, डब्बी चांगली हाय. बाहेरचा सेन्सर कुठी लावला?"

पंजाबरावनं मोठ्या ऐटीत कूलरची ताटी काढली. गुलफामनं नाक दाबलं. पाल उडाली ते सरळ पंजाबरावच्या बाहीत.

ते नाचून राहिले होते तवा गुलफाम म्हणाला, "काका, हा कूलरच्या आतलं हवामान सांगून राहिला. खरंच सांगून राहिला बेचारा. गच्चीवर निरं कडक ऊन हाय."

कौशल्याबाई पुढचं ऐकायले थांबल्याच नाहीत. चीक चुलीवर चढला. दुपारपर्यंत गच्चीभर पांढऱ्या कुरडया. जराशा आंबूस, पण वाचल्या.

मले मात्र कोनी पुसलंबी नाही. वारा सुटला, तवा कौशल्याबाईनं मले कुरडयाच्या कापडाच्या कोपऱ्यावर दगडासारखं ठेवलं, भर उन्हात. मी एकसष्ट डिग्री सांगितली. खाली पंजाबराव अमरावतीच्या साळ्याले फोनवर सुनावून राहिले होते, "तुमच्या इथी काय गरमी आहे? आमच्या इथी एकसष्ट. मशीन पाहून बोलून राहिलो मी."

मित्रांनो, मले सावलीत टांगा, पण मोकळ्या हवेत. सेल संपले तर नवे टाका, चावू नका. आकडा पाहिला तरी एकदा मान वर करून आभाळबी पाहा. अन् त्याच्या आधी मले कोनीतरी पुसा. पोटात अजून खर्ऱ्याचा वास येते.