टाळूवरचं पाणी

फ्रॉक आला तेव्हा मी इस्पितळाच्या धुलाईखोलीत चादरी पिळायच्या यंत्राशी भांडत होते. माझ्या व्याह्यांच्या ड्रायव्हरने कागदात गुंडाळलेलं पुडकं टेबलावर ठेवलं आणि निरोप सांगितला, "रविवारी बाप्तिस्मा आहे. साहेब म्हणाले, घरचंच काम आहे, तुम्हीच धुऊन द्या. खळ जास्त नको."

पुडक्यात लांब पांढरा फ्रॉक होता. त्यांच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बाळांनी घातलेला. कडेला लेस, गळ्यापाशी कुठल्याशा जुन्या बाळाने ओकलेल्या दुधाचा पिवळा डाग. मी तो उजेडात धरला. डाग निघण्यासारखा होता. अडचण डागाची नव्हतीच. ज्या मुलीसाठी हा फ्रॉक आला होता तिचा बाप्तिस्मा तीन महिन्यांपूर्वी झाला होता, आणि तो मी केला होता.

आईबाप गेल्यावर धाकट्या बहिणीला मीच वाढवलं, म्हणून तिचे सासरे माझे व्याही. फर्निचरचं मोठं दुकान, शिवाय आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचे अध्यक्ष. चर्चमधली पुढची दोन बाकं त्यांच्याच दुकानातली, आणि तसं बाकांच्या पाठीवर लिहिलेलंही आहे. जावई सरळ नाकासमोर चालणारा, म्हणजे बापाच्या नाकासमोर.

धाकटीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. किलोभरसुद्धा नव्हती, म्हणून आम्ही तिला मूठभर म्हणायचो. ती काचेच्या पेटीत होती. त्या दिवशी सकाळी मी वॉर्डात धुतलेल्या चादरी घेऊन गेले, तर डॉक्टर धाकटीशी हळू आवाजात बोलत होते. डॉक्टर हळू बोलायला लागले की काय ते समजायचं. चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला, ते दुसऱ्या गावी एका अंत्यविधीला गेले होते. जावई आणि व्याही रक्तपेढीत. धाकटी म्हणाली, "ताई, बाप्तिस्मा तू कर."

मी नर्सकडे पाहिलं. ती आमच्यातली नव्हे, पण तिने उकळून गार केलेलं पाणी औषधाच्या टोपणात ओतून दिलं आणि म्हणाली, "तीन थेंब. चौथा पडला तर तुम्हाला बाहेर काढीन."

मी पेटीच्या खिडकीतून हात घातला. माझी बोटं सोड्याने कायम फुगलेली असतात, त्या टाळूवर ती ओंडक्यासारखी दिसली. पित्याच्या नावाने एक थेंब, पुत्राच्या नावाने एक, पवित्र आत्म्याच्या नावाने एक. मी तुझा बाप्तिस्मा करते, म्हणाले. मूठभरने नाक आक्रसलं. नर्सने घड्याळ पाहून तक्त्यावर काहीतरी लिहिलं. ती सगळंच लिहायची.

मूठभर वाचली. त्याचं श्रेय मी घेत नाही. यंत्राचं आहे, नर्सचं आहे, आणि देवाचं तर आहेच. ती मेली असती तरी ते तीन थेंब तेवढेच खरे राहिले असते.

फ्रॉक तसाच ठेवून मी संध्याकाळी व्याह्यांकडे गेले. पाळकसाहेब आधीच येऊन बसले होते. तरुण माणूस, आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचे.

"विहीणबाई, वेळेला तुम्ही धावलात, उपकार आहेत," व्याही म्हणाले. "पण ती तात्पुरती सोय होती. आता रीतसर करून घेऊ."

"तात्पुरती कशी? गळक्या नळाला चिंधी बांधतात तशी?"

"शब्दात पकडू नका."

"शब्दातच आहे सगळं, व्याहीबुवा. नुसतं पाणी म्हणजे पाणीच, त्याने मी चादरी धुते. देवाचा शब्द पाण्याबरोबर आला की त्याचा बाप्तिस्मा होतो. लहानपणी धर्माची प्रश्नोत्तरी पाठ करताना छड्या खाऊन शिकलेय मी हे. कुणाचा हात, याचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता."

"उद्या लोक विचारतील, अध्यक्षांच्या नातीचा बाप्तिस्मा कुणी केला. काय सांगू? चादरी धुणाऱ्या बाईने?"

"सांगा की. खरंच आहे ते."

जावयाने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्याला एवढंच सुचतं.

पाळकसाहेब दोनदा खाकरले. "एक मध्यम मार्ग आहे. 'जर झाला नसेल तर' असं म्हणून पुन्हा—"

"जर?" मी म्हणाले. "पाळकसाहेब, मागच्याच महिन्यात तुम्ही वेदीपुढे उभं राहून सांगितलंत, देव देतो ते आपली लायकी बघून देत नाही, ती कृपा आहे. मी झोपले नव्हते तेव्हा. आता त्या पोरीकडे बघा. तिने काय कमावलं होतं? श्वाससुद्धा तिचा यंत्र घेत होतं. प्रार्थना लांबच राहिली, तिला धड शिंकता येत नव्हतं. तरी देव म्हणाला, ही माझी. आता आपण रविवारी सगळ्यांसमोर त्याला सांगणार, तेव्हा तू बोललास ते पक्कं नव्हतं, जरा परत बोल, आता फोटोवाला आलाय."

आतल्या दारात धाकटी मूठभरला खांद्यावर घेऊन उभी होती. तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही.

"मंडळीची काही इज्जत असते," व्याही म्हणाले.

"मंडळी इज्जतीसाठी असते होय? मला वाटलं, वचन ऐकायला, देव हातावर ठेवतो ते घ्यायला, आणि दाराशी कुणी आलं तर त्यालाही तेच द्यायला. देवापुढे पाळक आणि धोबीण एका रांगेत, हे आपल्याच लूथरन लोकांनी जगाला ओरडून सांगितलं ना? मग माझी पाळी आली की रांग कशी मोडते?"

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "धर्ममाता म्हणून तुमचं नाव घातलं होतं. ते काढतोय. वकिलांच्या बायकोला सांगितलंय."

मी उठून चपला पायात घातल्या. तोंडाळ बाईलाही कुठेतरी लागतंच.

फाटकापर्यंत धाकटी सोडायला आली. "ताई, तू बोलून निघून जातेस. मला इथंच राहायचंय."

"मग काय करू सांग."

"रविवारी गप्प बस. शप्पथ घे."

"शपथ घेत नाही. आपणहून तोंड उघडणार नाही, एवढं म्हणते. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

फ्रॉक मी धुतला. कपड्याचा काय दोष? डाग लिंबाने काढला, लेस ओल्या फडक्याखाली इस्त्री केली. शनिवारी दुपारी पाळकसाहेब धुलाईखोलीत येऊन उभे राहिले. वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला.

"विधीत पहिलाच प्रश्न असतो," ते म्हणाले. "या मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे का? अध्यक्ष म्हणाले, तो गाळा. मी गाळणार नाही. पण उत्तर आईबापांनी द्यायचं असतं. त्यांनी नाही म्हटलं तर माझा इलाज नाही."

"तुम्हाला माहीत असून?"

ते चष्मा पुसत राहिले. "मी त्या दिवशी इथे असतो तर मीच केला असता. आणि कुणी काही विचारलंच नसतं. हे मला रोज टोचतं. पण मला मंडळीने बोलावलंय, मंडळी परतही पाठवू शकते."

"पाठवलं तर इथे या. चादरी पिळायला माणूस कमी आहे."

ते हसले. जाताना मात्र खाकरले नाहीत.

रविवारी मी मागून तिसऱ्या बाकावर बसले. पुढची दोन बाकं पाहुण्यांनी भरली होती, फोटोवाला खांबाला टेकून उभा होता. बाप्तिस्म्याच्या कुंडात पाणी ओतलेलं होतं. वकिलांच्या बायकोने मूठभरला हातावर घेतलं होतं, नवीन ताट धरतात तसं, लांब. फ्रॉक सुंदर दिसत होता. माझ्या हातचा होता.

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. "या मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे का?"

व्याह्यांची मान झटकन वर झाली. जावयाने बापाकडे पाहिलं, मग बुटांकडे. चर्चमध्ये कुठलंतरी बाक करकरलं. मी माझी जीभ दाताखाली धरली. शब्द दिला होता.

"झालाय," धाकटी म्हणाली.

आवाज लहान होता, पण आमचं चर्चही लहानच आहे.

"सूनबाई," व्याही दबक्या आवाजात म्हणाले.

"झालाय, बाबा. मी तिथे होते. तुम्ही नव्हता." तिने पुढे होऊन वकिलांच्या बायकोच्या हातातून मुलगी घेतली.

पाळकसाहेबांनी पानं उलटून आणीबाणीतल्या बाप्तिस्म्याचं पान काढलं. त्यांनी तिथे आधीच कागद घालून ठेवला होता, हे मी मागून पाहिलं. "कोणी केला?"

आता विचारलं होतं. मी उभी राहिले. "मी."

"कशाने?"

"पाण्याने." पुढच्या बाकावरून कुणीतरी 'नळाच्या' असं पुटपुटलं. "नळाच्याच," मी म्हणाले. "उकळलेल्या. या कुंडातलंही नळाचंच आहे."

"कोणत्या शब्दांनी?"

मी शब्द सांगितले. तेवढ्यात माझा आवाज जरा बिघडला, त्याला मी काय करणार.

"साक्षीला कोण?"

धाकटीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वॉर्डातल्या तक्त्याची झेरॉक्स. किती दिवस तिने ती जवळ ठेवली होती, देव जाणे. पाळकसाहेबांनी नर्सची ओळ मोठ्याने वाचली: "अकरा चाळीस. टाळूवर पाण्याचे तीन थेंब. बाप्तिस्मा, मावशीकडून. आई हजर." आणि वाचायच्या भरात खालचीही वाचली: "अकरा पन्नास. लघवी एकदा."

मागची बाकं हसली. पुढच्यांपैकीही दोघं.

"मग या मुलीचा बाप्तिस्मा योग्य रीतीने झाला आहे," पाळकसाहेब म्हणाले, "आणि तो पुन्हा करायचा नसतो. मंडळीने तिला आपली म्हणून उभं राहून स्वीकारावं."

आधी मागची बाकं उठली. मग मधली. जावई उभाच होता, पण तो एक पाऊल सरकून धाकटीच्या बाजूला आला. त्याच्या मानाने हे फारच. व्याही सगळ्यात शेवटी उठले. मूठभरच्या टाळूला कुणी हात लावला नाही. कुंडातलं पाणी तसंच राहिलं. गीत सुरू झालं तशी ती दचकली आणि फ्रॉकच्या गळ्यावर, नेमक्या त्याच जागी, दूध ओकली.

बाहेर पायऱ्यांवर व्याह्यांनी मला गाठलं. चेहरा तांबडा झाला होता.

"विहीणबाई, हे कमिटीपुढे येईल."

"येऊ द्या," मी म्हणाले. "मलाही बोलवा. मंगळवारी माझी सुट्टी असते."